पिवळे डोळे आणि थंडी वाजून ताप: माळ नको, इस्पितळ गाठा

वस्तीत कुणाचे डोळे पिवळे झाले की पहिला सल्ला ठरलेला: "कावीळ उतरवून आणा." कुणी डोक्यावर माळ घालतो, कुणी हात धुवून पिवळे पाणी काढून दाखवतो. त्यानंतर बरेच रुग्ण बरे होतात, म्हणून विश्वासही बसतो. पण ते बरे का होतात? दूषित पाण्यातून होणारी विषाणूची कावीळ बहुतेकांत काही आठवड्यांनी आपोआप ओसरते. काम शरीर करते, श्रेय माळेला मिळते.

सगळ्या काविळी मात्र अशा नसतात. यकृतात तयार होणारे पित्त एका नळीतून आतड्यात उतरते. पित्ताशयातला खडा घसरून या नळीत अडकला की पित्त तुंबते. कधी गाठीमुळे किंवा जंतामुळेही नळी बंद होते. तुंबलेल्या पित्तात जीवाणू वाढतात आणि रक्तात शिरतात. ही कावीळ वाट पाहत नाही.

ती ओळखायची कशी? पोटात उजवीकडे बरगडीखाली दुखणे, हुडहुडी भरून ताप आणि पिवळे डोळे. शार्को या फ्रेंच डॉक्टरांनी १८७७ मध्येच या तीन खुणा सांगितल्या. लघवी गडद होते, शौचाचा रंग फिका पडतो, अंगाला खाज सुटते. रुग्ण बरळू लागला, हातपाय गार पडले, रक्तदाब उतरला, तर जीव धोक्यात आहे असे समजा. म्हाताऱ्या माणसांत तिन्ही खुणा दिसतीलच असे नाही. तिथे एका खुणेवरही शंका घ्या.

अशा वेळी जवळच्या दवाखान्यात दोन-तीन दिवस सलाईन आणि इंजेक्शन घेत बसणे म्हणजे वेळ घालवणे. १०८ ला फोन करून मोठ्या इस्पितळाचा अपघात विभाग गाठा. तिथे रक्त तपासतात, सोनोग्राफी करतात आणि शिरेतून प्रतिजैविके लगेच सुरू करतात. पण नुसत्या औषधाने भागत नाही. तुंबलेली नळी मोकळी करावीच लागते. तोंडावाटे दुर्बीण घालून खडा काढतात किंवा नळीत बारीक स्टेंट बसवतात. याला ईआरसीपी म्हणतात. म्हणून नातेवाइकांनी स्पष्ट विचारावे: "नळीत अडथळा आहे का? ईआरसीपी इथे होते का? नसेल तर औषध सुरू करून कुठे पाठवता?" मधुमेह असेल किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगावे.

"बेड नाही" हे उत्तर ऐकून मुकाट्याने घरी परतू नका. सरकारी इस्पितळांनी जागा नाही म्हणून एका जखमी शेतमजुराला परत पाठवले होते. त्या पश्चिम बंगालच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये निकाल दिला, की सरकारी इस्पितळाने वेळेवर उपचार न देणे हा संविधानाच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भंग आहे. खर्चासाठी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा. पण आधी रुग्ण दाखल करा; रेशनकार्ड आणायला एकाने मागाहून धावावे.

पिवळे डोळे आणि हुडहुडी एकत्र दिसली की घड्याळ सुरू झाले असे समजा. माळेवर घालवलेली एक रात्रही महाग पडू शकते.