भोंगा आणि बिनतारी संच

गोदावरीला पूर आला की पंचवटीतील माणसे प्रथम दुतोंड्या मारुतीकडे पाहतात. पाणी मूर्तीच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले की छातीवर चढले, यावरून काठच्या दुकानांतील माल कधी हलवायचा हे ठरते. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की भोंग्यावरून इशारा दिला जातो आणि नदीकाठ तो निमूटपणे ऐकतो. उलट सांगण्याची सोय मात्र त्याला नाही. कोणत्या गल्लीत पाणी शिरले, कोणत्या वाड्यात वृद्ध माणसे अडकली, हे ज्यांना दिसते त्यांच्या हाती साधन नसते. ज्यांच्या हाती साधन असते त्यांना ते उशिरा कळते.

पंचवटीत हा प्रश्न दुहेरी आहे. २००८चा पूर सप्टेंबरात आला, २०१६ व २०१९चे ऑगस्टमध्ये. आणि सिंहस्थाच्या पर्वण्याही याच महिन्यांत येतात. २७ ऑगस्ट २००३ रोजी रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक प्राणास मुकले. एखाद्या यंत्राने ते सर्व वाचले असते, असा दावा कोणी करू नये. परंतु पुढचे लोक थांबले आहेत हे मागच्यांना कळत नाही आणि लोटणे चालूच राहते, हा अशा गर्दीचा स्वभाव आहे. तेथे निरोपाचा एक-एक क्षण मोलाचा असतो. २०२७च्या पावसाळ्यात पुन्हा पर्वस्नाने होणार आहेत.

आता घरोघरी मोबाईल असताना बिनतारी संच कशाला, असा आक्षेप येईल. त्याचे उत्तर अर्थशास्त्रात आहे. मोबाईलची यंत्रणा नेहमीच्या दिवसाच्या मागणीचा हिशेब करून उभारली जाते. लाखो माणसे एकाच वेळी फोन करू लागली की ती तुंबते. वीज गेली की काही तासांनी मनोरेही मुके होतात. वर्षानुवर्षांतून एकदा येणाऱ्या दिवसासाठी भांडवल अडकवून ठेवणे नफ्याच्या गणितात बसत नाही. म्हणूनच ते सार्वजनिक कर्तव्य ठरते. २००४च्या त्सुनामीच्या वेळी भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हौशी बिनतारी प्रक्षेपणासाठी पोर्ट ब्लेअरमध्ये होते. इतर संपर्क तुटला असता अंदमानचे निरोप मुख्य भूमीपर्यंत त्यांच्या संचांनी पोहोचवले.

हे काम अवघड नाही, परंतु ते नीट झाले पाहिजे. दोन मीटर तरंगलांबीच्या पट्ट्यासाठी सुमारे अर्धा मीटर उंचीचा साधा अँटेना पुरतो. या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. म्हणून जुन्या वाड्यांच्या दाटीत अँटेना छपरांच्या वर, एखाद्या शाळेच्या गच्चीवर हवा. त्याला वीज पडण्यापासून संरक्षण देणारी भूजोडणी हवी, केबलचा सांधा पावसापासून बंदिस्त हवा. संच तळमजल्यावर ठेवला तर पहिल्या पुरातच तो निकामी होईल. तो माडीवर, बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा असावा. अँटेना जुळला आहे की नाही हे तपासल्यावाचून प्रक्षेपण करू नये. परतणारी शक्ती संचच जाळू शकते.

खरा प्रश्न संच कोणाच्या हाती राहणार, हा आहे. पोलिसांजवळ बिनतारी यंत्रणा असते, परंतु ती पोलिसांपुरतीच असते. महापालिकेने आपल्या नावे केंद्र सरकारचा परवाना घेऊन नदीकाठच्या प्रत्येक वस्तीत एक संच बसवावा आणि तो नियंत्रण कक्षाशी जोडावा. संच चालवणारे स्त्री-पुरुष त्याच वस्तीतील असावेत आणि त्यांना रीतसर शिक्षण मिळावे. उद्घाटनाचा फलक लावून विसरलेला अँटेना दोन पावसाळ्यांत गंजतो. म्हणून दर आठवड्याला ठरल्या वेळी प्रत्येक संचावरून हजेरी घेतली जावी.

नाशिकच्या कार्यकर्त्यांनी ही मागणी प्रभागाच्या सभेत मांडावी आणि तडीस न्यावी. वस्तीला इशारा ऐकवणारे शासन पुष्कळ झाले; वस्तीचे म्हणणे त्याच क्षणी ऐकणारे शासन अजून घडवायचे आहे.