सांगलीला पूर आला की गॅरेजमधलं जळकं ऑईल कुठं जातं?

गाडीची सर्व्हिसिंग झाली की नवं ऑईल इंजिनात जातं आणि जुनं काळं ऑईल गॅरेजच्या कोपऱ्यातल्या बॅरलमध्ये. गॅरेजवाले त्याला जळकं ऑईल म्हणतात. त्याचं पुढं काय झालं, हे गाडीवाला सहसा विचारत नाही.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत मात्र हा प्रश्न थेट पिण्याच्या पाण्याशी जोडलेला आहे. वाई, माहुली, कराड, सांगली ही सगळी कृष्णाकाठची गावं. इथल्या रस्त्यावरचं पाणी गटारात, गटाराचं ओढ्यात आणि ओढ्याचं शेवटी नदीत जातं. वरच्या गावानं जे सोडलं, ते खालच्या गावाला मिळतं.

एका गॅरेजमध्ये किती ऑईल साठतं?

दुचाकीतून साधारण १ लिटर जुनं ऑईल निघतं, कारमधून ३ ते ४ लिटर, ट्रकमधून १० लिटरपेक्षा जास्त. दिवसाला सात-आठ दुचाकी करणाऱ्या छोट्या गॅरेजचं २०० लिटरचं बॅरल महिनाभरात भरतं.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या मते १ लिटर वापरलेलं ऑईल १० लाख लिटरपर्यंत गोडं पाणी खराब करू शकतं. या ऑईलमध्ये इंजिनाच्या झिजेतून आलेले धातूचे कण आणि जळणातून तयार झालेली घातक रसायनं असतात. पाण्यावर त्याचा तवंग पसरला की हवेतला ऑक्सिजन पाण्यात नीट मिसळत नाही आणि त्याचा फटका माशांना बसतो.

ऑईल सांडतं कसं?

टाकी फुटून लोंढा वाहिला, असं क्वचितच होतं. ट्रेमधून बॅरलमध्ये ओतताना थोडं सांडतं. ओल्या जमिनीवर ठेवलेल्या बॅरलचा तळ गंजतो आणि झिरपायला लागतो. तिसरं कारण सहज लक्षात येत नाही, ते म्हणजे झाकण नसलेलं उघड्यावरचं बॅरल. ऑईल पाण्यापेक्षा हलकं असतं. बॅरलमध्ये पाऊस पडला की पाणी तळाला बसतं, ऑईल वर उचललं जातं आणि काठावरून बाहेर येतं. म्हणजे बॅरल ओसंडलं की आधी पाणी नाही, ऑईलच वाहतं.

पुरात काय होतं?

सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. जुलै २०२१ मध्ये ते जवळपास ५५ फुटांवर पोहोचलं. अशा वेळी शहराच्या सखल भागातली दुकानं आणि गॅरेज पाण्यात जातात.

ऑईलनं पूर्ण भरलेलं २०० लिटरचं बॅरल जड वाटतं, पण पुराच्या पाण्यात ते तरंगतं. आतल्या ऑईलचं वजन साधारण १७५ किलो, त्यात पत्र्याचे वीसेक किलो धरले तरी बॅरल तेवढ्याच जागेतल्या पाण्यापेक्षा हलकं राहतं. अर्धं भरलेलं असेल तर आणखी सहज उचललं जातं. मग ते आडवं होतं, झाकण सुटतं आणि ऑईल पाण्यासोबत घराघरांत शिरतं.

सांगली पुरातून सावरत होती त्याच महिन्यात, ऑगस्ट २०१९ मध्ये, जपानच्या सागा प्रांतातल्या ओमाची गावात पूर आला. तिथल्या एका लोखंडी सामानाच्या कारखान्यातलं ५० हजार लिटरहून जास्त ऑईल पुरात मिसळलं आणि आसपासच्या घरांत आणि शेतांत पसरलं. भारतातलं उदाहरण चेन्नईचं. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळाच्या पुरात मणलीच्या औद्योगिक भागातलं तेल बकिंगहॅम कालव्यातून एन्नोरच्या खाडीत गेलं. मच्छीमारांची जाळी आणि होड्या तेलानं माखल्या. दोन्हीकडे तेल आधीपासून आवारात होतं, पुरानं फक्त ते बाहेर काढलं.

रोखायचं कसं?

- बॅरल छताखाली, उंच ओट्यावर आणि सिमेंटच्या जमिनीवर ठेवायचं. झाकण कायम घट्ट.
- बॅरलभोवती छोटा बंधारा किंवा खाली मोठा ट्रे हवा. सर्वात मोठं बॅरल फुटलं तरी सगळं ऑईल मावून थोडी जागा उरली पाहिजे. जगभर त्यासाठी ११० टक्क्यांचा हिशोब धरतात, म्हणजे २०० लिटरला २२० लिटरची जागा.
- सांडलेल्या ऑईलवर भुस्सा किंवा कोरडी वाळू टाकायची आणि ती वेगळी गोळा करायची. साबणानं धुऊन गटारात सोडलं, तर ऑईल नाहीसं होत नाही, फक्त जागा बदलतं.
- वॉशिंग रॅम्पचं पाणी गटारात जाण्याआधी तेल वेगळं करणाऱ्या टाकीतून जायला हवं.
- पावसाळ्याआधी बॅरल रिकामी करायची. पूरपट्ट्यात असाल तर पाणी ४० फुटांकडे सरकायला लागताच ती हलवायची. ते जमलं नाही, तर निदान साखळीनं भिंतीला बांधायची.

यातलं बहुतेक काम एका गवंड्याचं आणि एका दिवसाचं आहे.

कायदा काय सांगतो?

२०१६ च्या नियमांनुसार वापरलेलं ऑईल हा घातक कचरा आहे. तो साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही. छोट्या साठ्याला मंडळ मुदत वाढवून देऊ शकतं. नोंद ठेवावी लागते आणि माल अधिकृत व्यक्तीलाच द्यावा लागतो. १ एप्रिल २०२४ पासून आणखी एक नियम लागू झाला. ऑईल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांना विकलेल्या ऑईलचा ठरावीक हिस्सा पुनर्प्रक्रियेतून परत आल्याचं दाखवावं लागतं.

अडचण इथंच आहे. कंपनीचा हिशोब कागदावर पूर्ण होतो, पण ऑईल असतं गॅरेजच्या बॅरलमध्ये. जतच्या किंवा माणच्या एका गॅरेजमधलं एक बॅरल उचलायला अधिकृत गाडी पाठवणं परवडत नाही. भंगारवाला मात्र दारात येतो आणि रोख पैसे देतो. मग तेच ऑईल सेंट्रिंगच्या प्लेटांना, लाकडाच्या वाळवीवर किंवा भट्टीत जळण म्हणून जातं. गॅरेजवाल्याला दोष देणं सोपं आहे, पण त्याच्यासमोर दुसरा गिऱ्हाईक उभा केलेला नाही.

त्यामुळं तोडगा गॅरेजपुरता असू शकत नाही. तालुक्यातल्या गॅरेजवाल्यांनी एकत्र येऊन साठवणुकीची एक जागा ठरवली, तर अधिकृत गाडीची फेरी परवडू शकते. प्रदूषण नियंत्रण मंडळानं आणि नगरपालिकांनी मे महिन्यात, पावसाआधी अशी एक फेरी लावली, तर पुराच्या वेळी बॅरल रिकामी असतील.

पुढच्या सर्व्हिसिंगला गॅरेजवाल्याला एवढंच विचारा: "जुनं ऑईल कोण नेतं?" गिऱ्हाईक विचारायला लागलं की उत्तर शोधावं लागतं.