तावीज आणि सातवा आठवडा

गेल्या महिन्यात कोंढव्यात भाचीच्या मुलीच्या अकीक्याला गेलो होतो. तिसरी मुलगी. बिर्याणी शिजत होती, पण घरात मयतीसारखी शांतता. भाचीची सासू माझ्या बहिणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "इसके पेट में लड़कियांच लिखी हैं." जावयाच्या दुसऱ्या निकाहची कुजबुजही कानावर आली.

निघताना भाचीने दंडावरचा काळा दोरा दाखवला. दुसऱ्या महिन्यात एका आमिलकडून पाच हजारांना तावीज आणला होता, सोबत दुधातून घ्यायची पुडी. "दोन महिने गर्भ ना मुलगा असतो ना मुलगी, तोवर पालटता येतो," असं त्याने सांगितलं होतं.

हे वाक्य अर्धं खरं आहे, म्हणूनच जास्त घातक आहे. सहाव्या आठवड्यापर्यंत प्रत्येक गर्भात नळ्यांच्या दोन जोड्या असतात, वुल्फियन आणि म्युलेरियन. जननग्रंथीही दोन्हीकडे वळू शकेल अशीच असते. पण कुठे वळायचं हे गर्भ राहतानाच ठरलेलं असतं. आईकडून एक्स गुणसूत्रच येतं; बापाकडून एक्स किंवा वाय. वायवर एसआरवाय नावाचं जनुक असतं, त्याचा शोध १९९० मध्ये लागला. त्याच्या हुकमाने सातव्या आठवड्यात ग्रंथीचं वृषण होऊ लागतं. वृषणाचा एक स्राव म्युलेरियन नळ्या जिरवतो. दुसरा, टेस्टोस्टेरॉन, वुल्फियन नळ्यांपासून वीर्यवाहिन्या घडवतो. वाय नसेल तर दुसरी जनुकं बीजांडकोश घडवतात आणि म्युलेरियन नळ्यांचं गर्भाशय होतं. यात पुडीला शिरकाव कुठे आहे?

खरीखुरी हार्मोन्ससुद्धा हे पालटू शकत नाहीत. १९५०च्या दशकात गर्भ टिकावा म्हणून गरोदर बायकांना काही कृत्रिम हार्मोन्स दिली गेली. त्यामुळे काही मुलींचे बाहेरचे अवयव मुलांसारखे दिसू लागले. आत बीजांडकोश आणि गर्भाशय जागच्या जागी होते. म्हणजे पुडीत काहीच नसेल तर पैसे गेले, आणि काही असेल तर लेकराचं नुकसान. मुलगा दोन्ही हिशेबांत नाही.

आता माझ्या भावांना एक सवाल. टोरांटोचे शरीररचनाशास्त्रज्ञ कीथ मूर यांचे व्हिडिओ तुम्ही जुम्याच्या जुम्याला पाठवता. गर्भाचं विज्ञान आमच्या किताबात चौदाशे वर्षांपूर्वी आलंय, असं अभिमानाने सांगता. त्याच मूरसाहेबांच्या पाठ्यपुस्तकात मूत्र आणि जननसंस्थेचं एक प्रकरण आहे. मी वर लिहिलं ते सगळं त्यात आहे. ते प्रकरण कधीच का फॉरवर्ड होत नाही? कारण ते वाचलं की बोट सुनेकडून वळून मुलाकडे येतं.

२०२० मध्ये इंदुरीकर महाराजांच्या सम-विषम तिथीच्या वक्तव्यावर आपण पोट धरून हसलो. आपल्या गल्लीतल्या आमिलवर कोण हसणार? गर्भलिंग निदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्राने केला. तरीही शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे मुली २००१ मध्ये ९१३ होत्या, २०११ मध्ये ८९४ झाल्या. हे आकडे सगळ्या महाराष्ट्राचे आहेत; त्यात आपली घरंही आली. "आपल्यात असलं काही होत नाही" म्हणणाऱ्यांनी भाचीचा दंड पाहावा.

बापाचाही यात गुन्हा नाही. कोणता शुक्रजंतू पोचेल हे त्याच्या हातात नसतं. सूरह शूरामध्ये अल्लाह हवं त्याला मुली देतो, हवं त्याला मुलगे, असं सांगताना आधी उल्लेख मुलींचा आहे. सूरह नहलमध्ये मुलगी झाल्याचं ऐकून तोंड काळं पडणाऱ्या बापाची निंदा आहे. हे पाठ असणाऱ्यांच्या घरात बाळंतिणीला टोमणे बसतात, तेव्हा हे पाठांतर काय कामाचं?

पुण्यातल्या इमामसाहेबांना माझी विनंती आहे. एका जुम्याच्या बयानात एवढंच सांगा की मुलगी झाली यात आईचा कसूर नसतो, आणि मुलगा देणारा तावीज विकणं ही फसवणूक आहे.

आणि जावईबापू, दुसरी आणाल तर तीही एक्सच देणार आहे. वाय तिच्याकडे नाही.