पटाची पट्टी मोकळी, गोठाही मोकळा



बुलढाण्याहून राजूर घाट उतरून मोताळ्याकडे आले की रस्त्यापासून थोडे आत एका गावची ई-क्लासची लांबट जमीन लागते. गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण अशी जमीन असलेले ते काही एकटे गाव नाही. आज तिथे वेडी बाभूळ माजली आहे. एका टोकाला उकिरडे आलेत, दुसऱ्या टोकाला कुणाचे तरी कुंपण दरसाल हातभर पुढे सरकते. पोरांना विचारले तर म्हणतात, "पडीत हाय." पण चाळिशीपुढच्या माणसाला विचारा. तो सांगेल, "पडीत नाही सायेब, पटाची जागा हाय ते."

मी शाळेत होतो तेव्हा संक्रांतीनंतर, कापसाची वेचणी उरकत आली की तिथे शंकरपट भरायचा. आठ दिवस आधी गावकरी वखर घालून, दगडगोटे वेचून धावेची पट्टी तयार करायचे. जोड्या आदल्या रात्रीच मुक्कामाला यायच्या, पार खान्देशातूनही. हलका छकडा, त्यावर अंग चोरून बसलेला धुरकरी, झेंडी पडली की धुळीचा लोट. आणि धूळ खाली बसायच्या आत जोडी पल्याड! मग घड्याळवाल्याभोवती गर्दी, आणि अर्ध्या सेकंदावरून तासभर वाद.

आठवणी गोड असतात म्हणून त्या अर्ध्याच सांगू नयेत. त्याच पटात खिळ्याची तुतारी बैलाच्या पुठ्ठ्यात खुपसलेली मी पाहिली आहे. शेपट्या पिरगाळलेल्या, चावलेल्या पाहिल्या आहेत. बैलावर जीव असणाऱ्या माणसालाही तेव्हा त्यात काही वावगे वाटत नव्हते. म्हणून जे पुढे घडले, त्याचा सगळा दोष कोर्टावर टाकून आपल्याला मोकळे होता येणार नाही.

घडले ते असे. ११ जुलै २०११ रोजी केंद्र सरकारने खेळ-प्रदर्शनास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत वळू-बैल घातला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टूबरोबर बैलगाडी शर्यतींवरही बंदी कायम केली. २०१७ मध्ये राज्याने कायदा दुरुस्त केला, पण उच्च न्यायालयात स्थगिती आली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. म्हणजे कायद्याने पट आता मोकळा आहे. अमरावती जिल्ह्यात तळेगाव दशासरचा जुना पट पुन्हा भरू लागला.

मग आपली पट्टी ओसाड का?

याचे उत्तर कोर्टात नाही, गोठ्यात आहे. देशात २०१२ च्या पशुगणनेत नर गोवंश सुमारे ६ कोटी ७९ लाख होता. २०१९ मध्ये तो सुमारे ४ कोटी ७४ लाखांवर आला. सात वर्षांत जवळजवळ तिसरा हिस्सा गेला. कारणे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. ज्वारी गेली, तिच्याबरोबर कडबा गेला. सालगडी मिळेना. ट्रॅक्टर भाड्याने दारात येऊ लागला. एक शेतकरी मला म्हणाले, "सायेब, दोन महिन्याच्या कामासाठी बारा महिने बैलाले काय चारू?" हा हिशेब खोटा नाही.

पण हिशेबाची दुसरी बाजूही बघा. पावसाने उघडीप दिली की काळ्या रानात ट्रॅक्टर फसतो. कपाशीच्या ओळीत डवरा धरायचा तर अजून बैलच लागतो. गावात चार जोड्या उरल्या तर सगळे त्याच चौघांच्या दारी. पाळी यायला आठ दिवस लागतात, तोवर तण गुडघ्याला. मग फवाऱ्याचा खर्च. दोन-तीन एकरवाल्याचे यात मरण होते.

आणि पट म्हणजे नुसती करमणूक नव्हती. तो गावाचा बैल तपासायचा दिवस होता. खूर कसे, खांदा फुटला आहे का, गोऱ्हा कोणत्या वळूचा, याची चर्चा चारचौघांत व्हायची. सुजलेल्या खांद्याचा बैल घेऊन तिथे जायची कुणाची छाती नव्हती. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण खांदशेकणी करतो, ती एका दिवसाची. पटाच्या धाकाने खांदा वर्षभर जपला जायचा. तो धाक गेला, ती हौसही गेली.

म्हणून सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि तरुण मंडळांना माझे सांगणे आहे. पट भरवायचा तर जरूर भरवा. पण लाखाचे बक्षीस, डीजे आणि दुरून टेम्पोतून आणलेल्या जोड्या, असा नको. त्या जोड्यांनी कधी तास ओढलेला नसतो. मालकाच्या शेतात राबणाऱ्या जोडीचा वेगळा गट ठेवा. सुदृढ खांदा, निरोगी खूर आणि सरळ डवरणी यालाही बक्षीस द्या. तळेगावच्या पटात महिला जोड्या हाकताना दिसल्या. आपल्याकडेही बैलाचे चारापाणी बहुतेक घरांत बाईच बघते, तिला मान द्या.

नियम साधे आहेत, ते पाळा. जिल्हाधिकाऱ्यांची आगाऊ परवानगी घ्या. धाव हजार मीटरपेक्षा जास्त नको. पशुवैद्यकाकडून बैल तपासून घ्या. काठी, तुतारी, विजेचा झटका, काहीही चालणार नाही. आणि २०२२ मध्ये लम्पीमुळे बाजार अन् शर्यती बंद ठेवाव्या लागल्या, हे ध्यानात ठेवून लसीकरण झालेलेच बैल आत घ्या.

हे सगळे यंदा जमणार नसेल, तर निदान एक काम करा. येत्या ग्रामसभेत पटाच्या जागेची मोजणी मागा, बाभूळ काढा, आणि पट भरेपर्यंत तिथे चाऱ्याचे गवत लावा. ज्याच्या घरी जोडी आहे, त्याला पहिली कापणी द्या. जागा राहिली तर पट कधीही भरेल. जागाही गेली आणि बैलही गेला, तर उद्या पोळ्याला आपण मातीचेच बैल पुजणार आहोत काय?