कातडी ताणायची, पण कुणाच्या हातून?

या शनिवारचा विषय जरा वेगळा. चेहरा.

आमच्या हापिसात हल्ली जेवणाच्या सुट्टीत एसआयपीइतकीच चर्चा आरएफ आणि हायफूची असते. म्हणजे सुरी न लावता कातडी ताणून घेणं. मी पडलो इंजिनिअर, त्यामुळे आधी मशीन कसं चालतं ते वाचलं. खरं सांगतो, यात जादू नाही, तशी निव्वळ थापही नाही. आरएफमध्ये रेडिओलहरींनी, हायफूमध्ये एका बिंदूवर एकवटलेल्या ध्वनिलहरींनी कातडीचा आतला थर तापवतात. हायफूत तर साडेचार मिलिमीटरपर्यंत खोल, साधारण ६० ते ७० अंशांना. कोलॅजेनचे धागे आकसतात आणि पुढचे काही महिने शरीर त्या इजेची डागडुजी म्हणून नवं कोलॅजेन बनवतं. फरक पडतो, पण बेताचा. आणि कायमचा नाही, कारण वय काही थांबत नाही.

मग माझं दुखणं काय? दोन आहेत.

एक, आपण पॅच मारतो, बग तसाच ठेवतो. २०१२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ६९ वर्षांच्या एका गृहस्थाचा फोटो आला होता. २८ वर्षं ट्रक चालवलेला. खिडकीकडचा गाल दुसऱ्या गालापेक्षा कितीतरी म्हातारा! काचेतून येणाऱ्या अतिनील किरणांची करामत. आमच्या वसमतकडे हे कळायला जर्नल लागत नाही. हळद काढायला उन्हात वाकणाऱ्या बाया चाळिशीत साठीच्या दिसतात. नवरीला लावायची हळद पिकवणाऱ्यांची ही गत.

दोन, जिथे मशीन परवडत नाही तिथे डबी पोचते. माझ्या चुलत बहिणीचं लग्न ठरलंय. तिने डबीचा फोटो पाठवला. ना घटक, ना पत्ता, ना बॅच नंबर. मी म्हटलं, फेकून दे. तर म्हणते कशी, "दादा, तुम्ही पुण्यातले लोक हजारो घालता ते चालतं, आणि माझी दोनशेची डबी नाही?"

प्रश्न चोख आहे. उत्तर पैशात नाही, जबाबदारीत आहे. अकोल्यात एका घरातल्या तिघींची मूत्रपिंडं अशाच पार्लरमधल्या क्रीमने बिघडली. त्यात पारा होता, हे मुंबईच्या केईएममध्ये उघड झालं. २०२३ साली बातम्या आल्या होत्या. स्टेरॉइडची क्रीमं २०१८ पासून चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, तरी मिळतातच.

म्हणून माझं मत साधं आहे. हौस करा, लाज कसली? पण मशीन धरणारा त्वचेचा डॉक्टर आहे का, ते विचारा. डबीवर काय लिहिलंय ते वाचा. आणि त्याआधी छत्री, रुमाल, सनस्क्रीन. हिंगोलीच्या उन्हात यापेक्षा मोठी ट्रीटमेंट नाही.

बघा, पटतंय का.