चळवळीची छायाचित्रे कोणाच्या कोठारात?

आपल्या चळवळीत अलीकडे एक समजूत फार दृढ झाली आहे. मोर्चा निघाला, सभा झाली, वनखात्याने एखादी झोपडी पाडली, की दहा-वीस मोबाईल वर होतात, छायाचित्रे निघतात, ती व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर पडतात आणि नोंद झाली असे सर्वांना वाटते. "गटावर आहे ना!" हे उत्तर म्हसा-मुरबाड-शहापूर पट्ट्यातील कोणत्याही कार्यकर्त्याकडून ऐकावयास मिळते. ही समजूत नुसती भाबडी नाही, ती घातक आहे.

काहींना हा विषयच क्षुल्लक वाटेल. छायाचित्रे जपणे हा लग्नमुंजीचे आल्बम बाळगणाऱ्या शहरी मध्यमवर्गाचा छंद आहे, असा एक सूर आपल्यात आहे. मला तो मुळीच मान्य नाही. मध्यमवर्गीय कुटुंबाचे छायाचित्र हरवले तर हळहळ होते; कातकरी वा ठाकर कुटुंबाचे हरवले तर जमीन जाऊ शकते. २००६ च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ ही निर्णायक तारीख ठरविली. त्यापूर्वीपासून आपण जमीन कसत होतो, हे दावेदाराने दाखवावयाचे असते. नियमांनी ग्राह्य धरलेल्या पुराव्यांत घर, झोपडी, बांधबंदिस्ती, सपाटीकरण या जमिनीवरील खुणांना स्थान आहे. परंतु बांध फोडला, झोपडी पाडली, की ती खूण उरते ती केवळ छायाचित्रात आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या जबानीत. दावे वर्षानुवर्षे रेंगाळतात, अपिले होतात. तेवढी वर्षे कोणता मोबाईल टिकतो?

दुसरे असे की, लढ्यात 'काय झाले' याइतकाच 'केव्हा झाले' हा प्रश्न कळीचा असतो. मुरबाड तालुक्यातील काळू धरणाचे काम २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने थांबविले, ते वनजमिनीच्या मंजुरीवाचून सुरू झाले होते म्हणून. अशा वादात छायाचित्राची तारीख हीच त्याची किंमत. आणि नेमकी तीच गटावर नाहीशी होते! व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठविलेले छायाचित्र दाबून लहान केले जाते आणि त्याच्या पोटातील दिनांक, वेळ, स्थळ यांची नोंद गळून पडते. चित्र पोहोचते, पुरावा मागे राहतो. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्यात फाईलचे 'हॅश' मूल्य नमूद करावे लागते. हा त्या फाईलचा जणू अंगठ्याचा ठसा. फाईलमध्ये तिळमात्र बदल झाला तरी तो बदलतो. म्हणून मूळ फाईल जपली पाहिजे, आणि पाठवावयाचीच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठविली पाहिजे.

यावर आपले तरुण साथी म्हणतात, "सर, सगळे आपोआप क्लाउडवर जाते." या आपोआपचे अर्थकारण समजून घेतले पाहिजे. गूगलने मे २०१५ मध्ये छायाचित्रांसाठी अमर्याद जागा फुकट देऊ केली. लोकांनी आयुष्ये तेथे नेऊन ठेवली. १ जून २०२१ रोजी ती सवलत संपली. आता टपाल, फाईली आणि छायाचित्रे मिळून १५ गीगाबाइट, त्यापुढे दरमहा भाडे. वर्गात खंडाचा सिद्धांत शिकविताना इतके सुबक उदाहरण मला कधी सापडले नव्हते! प्रथम कूळ वसवावे, त्याची सारी चीजवस्तू वाड्यात येऊ द्यावी आणि मग खंड मागावा. शिवाय दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती सामग्रीसह पुसून टाकण्याचे धोरण डिसेंबर २०२३ पासून लागू झाले आहे. आमचा एखादा कार्यकर्ता वारला, कोणी ऊसतोडीला वा वीटभट्टीवर गेला, कोणाचा नंबर बदलला, तर त्याच्या खात्यातील चळवळ कोणी राखावयाची? ऑर्कुट आठवते का? ३० सप्टेंबर २०१४ रोजी ते बंद झाले, तेव्हा कोणत्याही कुळाला विचारले गेले नाही.

त्यातही 'आपोआप' म्हणजे जतन नव्हेच. मोबाईल आणि क्लाउड एकमेकांचे आरसे असतात. इकडे चुकून पुसले की तिकडेही पुसले जाते. कचरापेटीची काही दिवसांची मुदत संपली की दोन्हीकडे अंधार.

पौष पौर्णिमेला म्हशाच्या जत्रेत बैल घेणारा शेतकरी दात पाहिल्याविना, चालवून पाहिल्याविना पैसा काढीत नाही. त्याचाच शिकलेला मुलगा कंपनीच्या अटींखालील 'मान्य आहे'वर न वाचता बोट ठेवतो.

तर मग काय सरकारवर विसंबावे? पुण्यात जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारात ८ जानेवारी २००३ रोजी लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिती भस्मसात झाल्या. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयच पेटले. माणसे गेली, फायलींचे ढीग गेले. जे कागद पुन्हा उभे राहू शकले, ते दुसरीकडे कोठेतरी प्रत होती म्हणूनच. एकच प्रत, मग ती कोणाचीही असो, ही प्रत नव्हेच.

अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी २००५ च्या सुमारास यासाठी एक साधा हिशेब मांडला, तो आजही सर्वमान्य आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतील एक दुसऱ्या ठिकाणी. आपल्या तालुका कार्यालयांना हे सहज जमण्याजोगे आहे. कार्यकर्त्याने छायाचित्रे महिन्याच्या बैठकीत केबलने संगणकावर उतरवावीत. तेथून दोन हार्ड डिस्कवर, एक मुरबाडला, एक शहापूरला. तिसरी प्रत क्लाउडवर अवश्य ठेवा, पण पक्षाच्या नावच्या, पैसे भरलेल्या खात्यात, कोणाच्या खासगी नंबरवर नव्हे. पेनड्राइव्हवर वर्षानुवर्षे भिस्त ठेवू नये. न वापरता पडून राहिले की त्यातील विद्युतभार झिजतो. डिस्कही चार-पाच वर्षांनी बदलावी, काम नसताना संगणकापासून सोडवून ठेवावी म्हणजे विषाणू तिच्यापर्यंत पोहोचत नाही. आणि मधून मधून फाईली उघडून पाहाव्यात. न उघडलेल्या प्रतीवर विश्वास ठेवणे म्हणजे दात न पाहता बैल घेणे. फाईलला गाव, दिनांक, प्रसंग यांचे नाव द्या. 'आयएमजी ४५३२' या नावाने पुढच्या पिढीला काहीही सापडणार नाही.

मार्च २०१८ चा शेतकऱ्यांचा लाँग मार्च नाशिकहून निघून कसारा घाट उतरला, शहापूर तालुक्यातून चालत १२ तारखेस आझाद मैदानावर पोहोचला. सोललेल्या तळपायांची छायाचित्रे देशभर गाजली. ती वृत्तपत्रांची होती, त्यांच्याच संग्रहात आहेत, आणि हवी असतील तर आपल्याला मागावी लागतील. जे स्वतः चालत होते त्यांनी काढलेली शेकडो छायाचित्रे कोठे आहेत? बरीचशी त्या काळच्या मोबाईलबरोबर मोडीत गेली असणार.

खर्चाची सबब सांगितली जाईल. दोन डिस्कचा खर्च एका मध्यम सभेच्या मांडव-लाउडस्पीकरच्या भाड्याहून फारसा अधिक नाही, आणि मांडव दुसऱ्या दिवशी उतरतो. दुसरी शंका जप्तीची. पोलीस कार्यालयातील संगणक उचलून नेतील, मग काय? तालुक्याबाहेरची प्रत हवी ती याच कारणाने. ती कोणाकडे आहे, हे गटावर मात्र लिहू नये.