वर्दी उतरल्यावर मते कशावर मागायची? सुरेश कलमाडींचा प्रवास काय सांगतो

पुणे : दापोडीत जुन्या मुंबई-पुणे महामार्गालगत कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनीअरिंगचा (सीएमई) मोठा परिसर आहे. निवडणुका आल्या की बाहेरच्या चौकांत नेत्यांचे फ्लेक्स झळकतात. आत मात्र पक्षीय राजकारणाला मज्जाव असतो. हीच सीमा ओलांडून लोकप्रिय नेता झालेल्या माजी सैनिकाला मतदाराने कसे तोलावे?

नियम काय आहे?

सेना नियम, १९५४ मधील नियम २० नुसार सेवेतील जवान किंवा अधिकाऱ्याला राजकीय सभेत भाग घेता येत नाही, पक्षात जाता येत नाही आणि निवडणूक लढवता येत नाही. हवाई दलातही अशीच बंधने आहेत. निवृत्तीनंतर मात्र ती संपतात. माजी लष्करप्रमुख व्ही. के. सिंह मे २०१२ मध्ये निवृत्त झाले आणि २०१४ मध्ये भाजपचे खासदार झाले.

पुण्याने काय पाहिले?

सुरेश कलमाडी १९६४ मध्ये हवाई दलात वैमानिक झाले. १९६५ आणि १९७१ च्या युद्धकाळात ते सेवेत होते. निवृत्तीनंतर त्यांनी युवक काँग्रेसमधून राजकारण सुरू केले. मात्र, त्यांना घराघरांत पोहोचवले ते १९८३ पासूनच्या पुणे मॅरेथॉनने आणि १९८९ पासूनच्या पुणे फेस्टिव्हलने. भव्य सोहळा आणि 'करून दाखवणारा नेता' अशी प्रतिमा, हे त्यांचे बळ होते. पुणेकरांनी त्यांना १९९६, २००४ आणि २००९ मध्ये लोकसभेवर पाठवले.

गणित कुठे चुकले?

हीच कार्यशैली दिल्लीतील २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत अडचणीत आली. आयोजन समितीचे अध्यक्ष असलेल्या कलमाडींना एप्रिल २०११ मध्ये सीबीआयने अटक केली. त्याच वर्षी 'कॅग'ने स्पर्धेच्या कारभारावर कडक ताशेरे ओढले. ईडीच्या मनी लाँडरिंग प्रकरणातील क्लोजर रिपोर्ट न्यायालयाने २०२५ मध्ये स्वीकारला, हेही नोंदवायला हवे. पण तोवर १४ वर्षे उलटली होती आणि त्यांची राजकीय कारकीर्द केव्हाच थांबली होती.

मग मतदाराने काय पाहावे?

सैन्यात आदेश दिला की काम होते. तिथे वरिष्ठांची नजर असते, चूक झाली तर कोर्ट मार्शल असते. लोकशाहीत ती जागा निविदा, लेखापरीक्षण आणि सभागृहातील प्रश्न घेतात. 'धडाक्यात काम' करताना नेत्याला याच गोष्टी अडथळा वाटू लागल्या, तर धोका तिथेच सुरू होतो. मग तो नेता माजी सैनिक असो वा नसो.

प्रचारात जवानांची छायाचित्रे वापरू नका, असे निवडणूक आयोगाने मार्च २०१९ मध्ये पक्षांना बजावले होते. माजी सैनिकाच्या देशसेवेला सलाम जरूर करावा. पण मत मागायला तो दापोडीच्या चौकात आला, तर त्यालाही इतर उमेदवारांसारखाच प्रश्न विचारावा : पैसा कुठे खर्च झाला आणि हिशेब कुठे आहे?